झाकण आणि चमचा

टास्मानियातल्या त्या गावात नोलीन एकट्यादुकट्या म्हाताऱ्यांना घरपोच जेवण द्यायची. म्हाताऱ्या मर्लचा डबा मात्र आठवडाभर तिच्याकडे राहायला आलेला तिचा मुलगा डॅरिल दारातच घेत होता. "आई झोपलीय," एवढंच सांगायचा. आज त्याने कालचा डबा परत केला.

"झाकण कुठंय रे?"

"हरवलं."

"आणि चमचा?"

"अहो मावशी, म्हातारीचं डोकं फिरलंय. काय वाट्टेल ते लपवते!"

"असू दे बाबा, वय झालं," म्हणत नोलीन गाडीत येऊन बसली. तिने पोलिसांना फोन लावला.

"लवकर या! मर्लचं डोकं चांगलं शाबूत आहे. काल कस्टर्डच्या वाटीखाली मी चिठ्ठी चिकटवली होती, 'छळत असेल तर झाकण ठेवून घे. कोंडलं असेल तर चमचाही.'"