मागची सीट

शेवटचा लाल झेंडा समोर दिसत होता आणि कयाक एकदम जड झाली. उर्वीने जीव खाऊन वल्हं मारलं. "पलक, मार ना!" ती ओरडली. मागून जोर काही आला नाही. शेजारून महूच्या मुलींची कयाक सपकन पुढे सरकली आणि झेंडा ओलांडून गेलीसुद्धा.

दोघींच्या कयाकमध्ये ही एक पंचाईत असते. पुढे बसलेलीला मागची दिसत नाही. ती वल्हं मारते आहे की नुसतंच पाण्यावरून फिरवते आहे, हे बोटीच्या वजनावरूनच ओळखायचं. मान वळवून बघायला जावं तर बोट डुचमळते. म्हणून मागे बसवायचं माणूस विश्वासातलंच लागतं. उर्वीने पलकला बसवलं होतं. पलक त्यांच्याच बिल्डिंगमधली, स्नेहलतागंजातली, घरी मालवी बोलणारी. उर्वीच्या घरचा वरणभात खाऊन खाऊन तिला मराठीही यायला लागली होती.

सिमरोलच्या पुढे लहानशा तलावाकाठी ही बाग आहे. मे महिन्यात रविवारी अर्धं इंदूर तिथे लोटतं. झाडाखाली कंडे, म्हणजे गोवऱ्या, पेटवून त्यावर कणकेचे गोळे भाजून दाल-बाफल्याचा बेत चालतो, बदकाच्या बोटीत नवी जोडपी फिरतात, आणि मुलांना पाण्याबाहेर काढता काढता आयांचा घसा बसतो. त्याच काठावर महिनाभर कयाकचं शिबिर चाललं होतं आणि आज त्याची शेवटची शर्यत होती. पहिली येणारी जोडी भोपाळला हॉस्टेलात राहून पुढचं कयाक शिकणार होती. दुसरीला नुसत्या टाळ्या.

उर्वीला ते भोपाळ रात्रंदिवस दिसत होतं. तिच्याइतकेच वेडे झाले होते तिचे बाबा. रोज भल्या पहाटे जयेशराव दोघी पोरींना स्कूटरवर घालून तलावावर आणत, काठावर उभे राहून घसा फोडून ओरडत आणि मग तसेच ऑफिसला जात. उर्वीची आई गेल्यापासून घरात ही दोनच माणसं. "जयेश भिया, पोरगी भोपाळला गेली तर तुम्ही करणार काय?" शेजारी विचारायचे. "करणार काय? आराम!" असं म्हणून ते मोठ्याने हसायचे. त्या दिवशी मग ते एकच पोळी खाऊन उठायचे.

कयाक काठाला लागली. जयेशराव टॉवेल घेऊन पुढे आले, पण उर्वी त्यांना ओलांडून पलकसमोर जाऊन उभी राहिली.

"तू वल्हं थांबवलंस."

"थकले यार."

"खोटं नको बोलू! काल दोन चक्कर मारून वर पोहायला उतरली होतीस तू. आणि आज थकलीस?"

पलक खाली वाकून लाइफ जॅकेटचे पट्टे सोडायला लागली. तिच्या केसांतून पाणी गळत होतं.

"तुलाही जायचं होतं ना भोपाळला?"

पलकने मान हलवली. जायचं होतं.

हे तर उर्वीला अजिबात सहन होईना. हरल्याचं तिला इतकं वाईट वाटलं नव्हतं. जिच्या ताटात ताट घालून जेवलो, तिनेच पाठीमागे बसून दगा द्यावा, आणि तोही स्वतःचं नुकसान करून! तिला रडू फुटलं.

"जाऊ दे गं," जयेशरावांनी तिच्या खांद्यावर टॉवेल टाकला. "खेळात होतंच असं. पुढच्या वर्षी बघू. चला, बर्फाचा गोळा खाऊ. कालाखट्टा ना?"

"बाबा, ही आजपासून आपल्या घरी येणार नाही."

"बरं," गोळेवाल्याकडे बघत जयेशराव म्हणाले. "नाही येणार."

पलकने झटकन मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"काका?"

"घरी जाऊन बोलू," ते घाईने म्हणाले. "ऊन किती झालंय बघा."

पण उर्वीला आत्ताच्या आत्ता उत्तर हवं होतं. दोघींमध्ये लहानपणापासून शेवटचा उपाय एकच होता, एकमेकींची शपथ. ती मोडली की जिची शपथ, तिचं काही खरं नाही. अकरावीला फिजिक्स घेऊनही दोघींचा त्यावर पक्का विश्वास होता. उर्वीने पलकचा हात धरला आणि आपल्या ओल्या डोक्यावर ठेवला.

"तुला माझी शपथ आहे. खरं सांग. का थांबवलंस?"

"शपथ-बिपथ काही नको!" जयेशराव इतक्या जोरात ओरडले की झाडाखाली बाफले कुस्करणारी माणसं वळून बघायला लागली. "सोड तिचा हात, उर्वी. सोड म्हणतो ना!"

बाबा आपल्यावर असे कधीच ओरडले नव्हते. उर्वी त्यांच्याकडे बघतच राहिली. हात मात्र तिने सोडला नाही.

पलकने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा जयेशरावांकडे. मग ती रडायला लागली.

"'वल्हं थांबव आणि कुणाला बोलू नको' म्हणून परवा तुम्ही मला हिचीच शपथ घातली ना, काका? आता ही खुद सांगायला लावतेय. तुम्हीच बोला, कोणती पाळू?"