पाण्यावरून येणारा आवाज

“उत्तरेचा वारा उठतोय. होड्यांनी किनाऱ्याला लागावं.” मग श्वासभर थांबून पुन्हा तेच, “उत्तरेचा वारा उठतोय. होड्यांनी किनाऱ्याला लागावं.”

पलीकडच्या किनाऱ्यावरच्या रेडिओ केंद्रातली ती बाई प्रत्येक वाक्य दोनदा म्हणायची. एकदा होडीवाल्यांसाठी, एकदा होडीवाल्यांच्या बायकांसाठी, असं मुयनाक या कोळ्यांच्या गावात लोक हसून म्हणत. तेव्हा समुद्र दाराशी होता. आता समुद्र आटून दाराशी मीठ होतं आणि रेडिओत नुसती खरखर.

आज सूर्य मावळताना त्या केंद्राचं मध्यम लहरींवरचं प्रसारण कायमचं बंद होणार होतं. निरोपाला म्हणून तिच्या आवाजातल्या जुन्या ध्वनिफिती लावणार होते. जुन्या होडीवाल्या कुदियारला हे कळलं तेही खरखरीतूनच, तुकड्यातुकड्यांनी. सकाळपासून तो घरातल्या घरात एरियल बनवायला बसला होता.

एरियलच्या चौकटीला सरळ, वाळलेलं लाकूड हवं होतं. घरात सगळा बोरूच. अयिमखान, त्याची बायको, पेटीवर चढली आणि तिनं आढ्यातून एक वल्हं काढलं. तिच्या धाकट्या भावाचं, सार्सेनचं. वादळानंतर तेवढंच एकटं किनाऱ्याला परत आलं होतं.

“हे नको,” कुदियार म्हणाला.

“का नको? बत्तीस वर्षं नुसतं झोपून आहे. आळशी मेलं, अगदी त्याच्यासारखं.”

कुदियारनं करवत लावली. दोन तुकड्यांची फुली बांधली आणि जळक्या मोटारीतली तांब्याची तार तिच्या चार टोकांवरून फिरवू लागला. एका वेढ्याला दुसरा लागू नये म्हणून मधे जाळ्याचा डोळा मापायची जुनी पट्टी धरायचा. बोटांना अजून सगळं आठवत होतं.

“जाळं विणताय की काय?” अयिमखान म्हणाली. “मासे संपले, आता हवा धरा.”

तारेची टोकं त्यानं एका मोडक्या रेडिओतल्या, केंद्र लावायच्या चकतीला जोडली आणि चालता रेडिओ चौकटीच्या शेजारी ठेवला.

“तार रेडिओला लावायची राहिली.”

“लावायची नसते. शेजारी असलं की त्याला आपोआप कळतं.”

“बरंय,” ती म्हणाली, “कुणाला तरी कळतं.”

तिनं दुधाचा चहा ओतला. ऊन खिडकीतून आत उतरलं होतं, आणि तारांच्या सावल्या भिंतीवर बारीक लाटांसारख्या हलत होत्या.

“खारं पाणी होतं तोवर आवाज त्याच्यावरून अलगद घसरत यायचा,” चकती फिरवत कुदियार म्हणाला. “आता मधे कोरडी वाळू. वाळू आवाज पिऊन टाकते.”

“मग त्या दिवशी?” अयिमखाननं वाटी त्याच्यापुढं सरकवली. “त्या दिवशी तर पाणी काठोकाठ होतं.”

रेडिओ फक्त कुदियारच्या होडीत असायचा. इशारा आला की त्यानं काठीवर लाल फडकं चढवायचं आणि ते बघून बाकीच्यांनी वळायचं. सार्सेनची होडी त्या दिवशी सगळ्यांत पुढं होती.

“खरखर होती,” तो तारेवर वाकून म्हणाला. “सांगितलंय तुला.”

“सांगितलंय. म्हणून तर इतकी वर्षं त्या बाईला बोल लावला. जरा मोठ्यानं बोलली असती तर माझा भाऊ घरी आला असता. आज बघते, किती हळू बोलते ती.”

ऊन तांबडं झालं. दूरदूरची केंद्रं एकेक करून खरखरीतून डोकं वर काढू लागली. कुठलं गाणं, कुठली बातमी, आणि पुन्हा सगळं बुडून जायचं. कुदियारला चकती सोडता येईना.

“चौकट फिरव जरा,” तो म्हणाला. “हळू. पाळणा हलवतेस तशी.”

अयिमखाननं दोन्ही हातांनी वल्ह्याचे तुकडे धरले आणि वळवू लागली. आवाज पार गेला.

“आता उलटी. अजून. अजून थोडी.”

चौकटीची कड खिडकीबाहेर, उत्तरेकडं वळली. जिथं पाणी होतं, तिकडं. खरखर मागं सरली, ओहोटीसारखी, आणि खाली जे राहिलं होतं ते उघडं पडलं. कागद उलटल्याचा आवाज. घेतलेला श्वास. मग ती बाई, तेवढीच तरुण, अगदी खिडकीपाशी उभी असल्यासारखी.

“उत्तरेचा वारा उठतोय. होड्यांनी किनाऱ्याला लागावं.”

अयिमखान हलली नाही. तिच्या मनगटांवर तांब्याचा उजेड थरथरत होता.

श्वासभर शांतता. मग पुन्हा, “उत्तरेचा वारा उठतोय. होड्यांनी किनाऱ्याला लागावं.”

“अहो,” अयिमखान हळूच म्हणाली, “ही तर हळू बोलतच नाही.”

कुदियारनं चकतीवरचा हात काढला. पुढ्यातल्या चहावर साय धरली होती.

“नाही,” तो म्हणाला. “जाळं भरून येत होतं. असं कधी भरलं नव्हतं. फडकं हातातच राहिलं माझ्या.”

तिनं चौकट सोडली नाही. जरा हलली असती तर आवाज गेला असता.

“आलं होतं ऐकू, अयिम. असंच, स्वच्छ.” त्यानं मान खाली घातली. “दोन्ही वेळा.”