भिंतीवरचे रंग

"बाबा, आता भिंतीवर काय दिसते?" परातीतल्या पाण्यात आरसा तिरका धरून निकितानं विचारलं.

विकास ओट्यावर चहा पीत बसला होता. त्यानं समोरच्या भिंतीकडे पाहिलं. लाल, हिरवा, जांभळा, सगळे रंग दिसतात, झकास जमलं, असं तो म्हणाला आणि बशीतला चहा एका घोटात संपवून टाकला.

दारात भाजी निवडणाऱ्या वैजयंतीनं मान वर केली. सावलीतली ती भिंत कोरी होती. निकितानं आरसा उलटा धरला होता, काचेची बाजू खाली आणि पाठ वर. पोरगी घाईत चुकली, आणि आपली सुटका व्हावी म्हणून बापानं होला हो केलं, असं वैजयंतीला वाटलं. ती पुन्हा भाजी निवडू लागली.

सकाळपासून घरात हेच चाललं होतं. शाळेत उजेडाचे प्रयोग करून दाखवायचे आहेत, असं निकितानं आदल्या दिवशी सांगितलं होतं. उठल्याबरोबर तिनं पसारा मांडला. आधी पेल्यातल्या पाण्यात पेन्सिल ठेवली आणि ती वाकडी दिसते का, हे विचारून झालं. मग वाटीच्या तळाशी नाणं ठेवून तिनं बापाला मागे सरकवलं. वाटीच्या काठाआड नाणं दिसेनासं झालं की पाणी ओतायचं, म्हणजे ते वर आल्यासारखं दिसतं. तिनं पाणी ओतलं. दिसलं, असं विकास लगेच म्हणाला. पण प्रयोग जमल्याचा आनंद तिच्या तोंडावर नव्हता. ती वाटी घेऊन आत गेली, बाहेर आली, पुन्हा आत गेली. ताटातली पोळी तशीच पडून होती. वेणी घालायला बस म्हटलं, तर एका जागी ठरत नव्हती.

विकासलाही चैन नव्हतं. किन्हीराजा गावातली पोरं तो रोज स्वतःच्या व्हॅनमधून मालेगावच्या कॉन्व्हेंटात पोचवायचा. निकिता त्याच्या शेजारच्या सीटवर बसायची. तो सारखा खिशातली चावी चाचपत होता. घड्याळ समोरच्या खोलीत टांगलेलं होतं, तरी किती वाजले, ते त्यानं वैजयंतीलाच विचारलं.

निकितानं आरसा सुलटा केला. ऊन पाण्यात शिरलं आणि सावलीतल्या भिंतीवर रंगांचा पट्टा उमटला. लाल, नारिंगी, पिवळा, निळा. इतका लख्ख, की वैजयंतीचा हात भाजीतच थांबला.

"बाबा, आता गेले काय रंग?"

"गेले," विकास म्हणाला. ऊन सरकलं असेल, चल, दप्तर घे, असं म्हणत तो उठला.

निकितानं आरसा सोडला नाही. पाणी हलत होतं, भिंतीवरचे रंग थरथरत होते. तिनं आईकडे पाहिलं.

बाहेर पोरं जमली होती. कुणीतरी व्हॅनच्या खिडकीतून हात घालून हॉर्न वाजवला. वैजयंती उठली, अंगण ओलांडून त्या रंगांशेजारी भिंतीला पाठ लावून उभी राहिली.

"इकडं पाहा," ती नवऱ्याला म्हणाली. "मी हासून राह्यली का रडून राह्यली?"

विकासनं डोळे बारीक केले. मान थोडी तिरपी केली. पुन्हा हॉर्न वाजला. तो खाली ओट्यावर बसला.

मग त्यानं सांगितलं. दिवाळीपासून असंच अंधुक दिसत होतं. आधी वाटलं, सकाळचं धुकं असेल. मग वाटलं, काचेवर धूळ आहे. तो रोज गाडीची काच पुसत राहिला, पुन्हा पुन्हा पुसत राहिला. रस्ता पायाखालचा होता, कुठं वळण आणि कुठं खड्डा, सारं पाठ होतं. गाडी बंद पडली तर घरात दुसरं काय आहे, म्हणून तो कुणाजवळ बोलला नाही.

वैजयंतीनं हात पुढं केला. चावी तिच्या हातावर ठेवायला त्याला वेळ लागला. पण ठेवली.

तिनं विकासच्या चुलतभावाला, हरीओमला, फोन लावला. तो गाडी घेऊन गेला, पोरांना सोडून आला. निकिता त्या दिवशी शाळेत गेली नाही. आईबापांबरोबर ती एसटीनं वाशीमला गेली. डॉक्टरांनी विकासचं रक्त तपासलं, डोळ्यांत औषध घालून बराच वेळ पाहिलं. साखर वाढली होती आणि तिचा परिणाम डोळ्यांवर झाला होता. इलाज होईल, पण वेळ लागेल. आपण सांगेपर्यंत स्टेअरिंगला हात लावायचा नाही, असं त्यांनी बजावलं. आणखी वर्षभर अंगावर काढलं असतं, तर इलाजही उरला नसता.

परतले तेव्हा दिवस कलला होता. विकास डोळे मिटून आत पडला. घरात पहिल्यांदाच शांत वाटत होतं. निकिता आपण होऊन आईपुढं येऊन बसली आणि वैजयंतीनं सकाळची राहिलेली वेणी घालायला घेतली. पोरीचा दिवस बुडाला, याचं तिला वाईट वाटत होतं. तुझे प्रयोग राहून गेले, उद्या मी मॅडमला फोन करून सांगते, असं ती म्हणाली.

निकितानं आतल्या खोलीकडे पाहिलं आणि आवाज बारीक केला.

"शाळेत काई प्रयोग नाई, आई. परवा मालेगावच्या वळणावर बाबाले रस्त्यातली म्हातारी दिसली नाई. मी वरडली, म्हून वाचली ते."