बादलीच्या रांगेत

राउहा पटांगणात शिरत होती, तेवढ्यात मागून इर्मेलीची हाक आली. इर्मेली तिच्याच जिन्यावर, बरोबर वरच्या मजल्यावर राहायची.

"अगं, तूही बादलीलाच ना?"

राउहा हो म्हणून बसली.

पटांगणात दोन रांगा होत्या. डावीकडे चर्चच्या बैठ्या इमारतीपुढे, गरजूंना फुकट वाटायच्या पावाची. उजवीकडे, आजच उघडणाऱ्या हार्डवेअरच्या दुकानापुढे बादलीची. पहिल्या पाचशे जणांना दुकानाचं नाव छापलेली निळी बादली फुकट मिळणार होती. पावाच्या रांगेतली माणसं हातभर अंतर राखून, माना खाली घालून उभी होती. बादलीच्या रांगेत थर्मासमधली कॉफी फिरत होती. तिथे गावातला दंतवैद्य होता, नगरपालिकेतल्या दोघी होत्या. बादली घ्यायला कुणाला कसली लाज?

राउहा इर्मेलीपाठोपाठ तिथे जाऊन उभी राहिली. दुकान उघडणार दहाला, आता कुठे नऊ वाजत होते. इर्मेलीचा गुडघा दुखरा. पंधरा मिनिटांत कंटाळून घरी जाईल, मग आपण पलीकडे सरकू, असं राउहाने ठरवलं. पाव मात्र नऊला सुरू व्हायचा आणि संपला की संपला.

इर्मेली हलली नाही. ती बडबड्या माणसांच्या साव्हो प्रांताकडची, बोलायला लागली की थांबणं तिला ठाऊक नव्हतं. जावयाच्या सौनातली, म्हणजे वाफेच्या न्हाणीघरातली, शेगडी कशी धूर सोडते ते झालं. जिना झाडायची पाळी कोण चुकवतं ते झालं. तिसऱ्या मजल्यावरच्या तळलेल्या माशांचा वासही झाला. वरून पाणचट बर्फ पडत होता. पलीकडे एकेक जण भरलेली पिशवी घेऊन बाहेर पडत होता. राउहा तिकडे बघायची आणि लगेच नजर फिरवायची. ती काम करायची ती कागदाची गिरणी बंद झाल्याला आता वर्ष होत आलं होतं, आणि सोमवारपासून ती दोन्ही वेळा लापशीवरच होती.

शेवटी तिने इर्मेलीला सुचवून पाहिलं, की तू जा, गुडघ्याला त्रास होईल, तुझी बादली मी आणते. इर्मेली म्हणाली, माणशी एकच देतात, दुसऱ्याची देत नाहीत. थोड्या वेळाने तीच राउहाला म्हणाली, तुझे ओठ निळे पडलेत, तूच घरी जा, तुझ्यासाठी मी मागून बघते. राउहा मनातून चरफडली. एक तर ही बाई जात नाही, वर प्रेमही दाखवते.

त्यांच्यापुढे ओस्मो नावाचा गृहस्थ उभा होता. चाळीस किलोमीटर गाडी चालवत आला होता. अशा उद्घाटनांना मिळालेल्या चौदा बादल्या घरी आहेत, असं त्याने आपण होऊन सांगितलं. एवढ्यांचं करता काय, असं इर्मेलीने विचारलं.

"एकीत एक ठेवतो," तो म्हणाला. मग हनुवटीने पावाच्या रांगेकडे दाखवून म्हणाला, "ते बघा. हातात मोबाइल आहेत, आणि पाव फुकट पाहिजे."

सकाळपासून पहिल्यांदाच इर्मेली गप्प झाली. राउहाला तेवढंच बरं वाटलं.

दहाला दुकान उघडलं, पण रांग जेमतेम सरकली. दारात एक माणूस भोंगा घेऊन उभा होता. बादली हातात देण्याआधी तो प्रत्येकाकडून दुकानाचं नाव मोठ्याने म्हणवून घेत होता, मग फोटो काढला जात होता. फोटो नीट आला नाही तर पुन्हा. लोक हसत होते, हौसेने पुन्हा ओरडत होते. साडेदहाला पाव वाटणाऱ्या चर्चच्या बाई बाहेर आल्या. पावासाठी उरलेली माणसं त्यांनी बोट फिरवत मोजली आणि त्या आत गेल्या. रांगेच्या टोकाचे दोघे तिथूनच परत फिरले.

भोंगेवाला एका म्हाताऱ्याला तिसऱ्यांदा नाव म्हणायला लावत होता. तेव्हा राउहाला राहवलं नाही.

"इर्मेली, मला ती बादली नको आहे," ती म्हणाली. "घरी दोन पडल्यात. मी पावाला आले होते."

तिला वाटलं होतं त्याहून आवाज मोठा लागला. ओस्मो बुटांकडे बघू लागला. इर्मेलीने काय तोंड केलं ते बघायला राउहा थांबली नाही. ती रांगेतून बाहेर पडली आणि मधलं पटांगण ओलांडून सरळ चालत गेली. सगळ्यांच्या नजरा आपल्या पाठीवर आहेत, हे तिला न वळताही कळत होतं.

पावाच्या रांगेत आता चारच माणसं उरली होती. तिची पाळी आली तेव्हा टेबलावर फारसं काही नव्हतं. चर्चच्या बाईंनी नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. पिशवी उघडी धरा म्हणाल्या. बटाटे टाकले, कालच तारीख उलटून गेलेले दह्याचे दोन डबे टाकले, आणि कापलेल्या पांढऱ्या पावाचा अर्धा पुडा. सगळ्यांना हवा असतो तो काळा पाव दहा मिनिटांपूर्वी संपला, असं त्यांनी जरा ओशाळून सांगितलं. राउहाने आभार मानले आणि ती बाजूला झाली.

"पुढचे या," बाई म्हणाल्या.

राउहाच्या मागून पुढे आली ती इर्मेली. नाक लाल झालेलं, हातात उघडी धरलेली प्लॅस्टिकची पिशवी. तिने टेबलाकडे पाहिलं, मग राउहाकडे. ती संतापलेली होती.

"दीड तास," ती म्हणाली. "दीड तास त्या थंडीत वाट बघतेय, ही बया एकदाची घरी कधी जाते म्हणून. आधी बोलायला काय झालं होतं तुला? दोघींना काळा पाव मिळाला असता."