शंभर टक्के नोंद

"लिव्हा ताई, काही राहायला नको," म्हणत शिकलगारमामांनी साच्याची वाळू मुठीत दाबली. गोळ्यावर बोटांचे ठसे उमटले आणि मोडल्यावर त्याच्या कडा ढासळल्या नाहीत, म्हणजे ओलावा बरोबर. मी तो मोजून लिहिला: साडेतीन टक्के.

फाउंड्रीतल्या प्रत्येक कामगाराचं किती ज्ञान कागदावर आलं, ते टक्क्यांत मोजायचं काम माझ्याकडे होतं. मामा निवृत्तीला आले होते आणि त्यांना वर्षाची मुदतवाढ हवी होती. ती या आकड्यावर ठरणार, एवढंच त्यांना ठाऊक होतं. ज्याचं ज्ञान लिहून झालं त्याची गरज संपली, हा नियम मला ठाऊक होता आणि तो सांगायला मनाई होती.

भट्टीवरचे पोवारही निवृत्तीलाच आलेले. माझ्या प्रत्येक प्रश्नावर ते म्हणाले, "ते काय सांगता येतंय व्हय? डोळ्याला कळतंय."

"शाळेतबी कोराच पेपर दिला असंल गड्यानं," मामा हसले आणि तीन दिवस बसून त्यांनी मला न विचारलेलंही सांगितलं.

सोमवारी फलकावर आकडे लागले: पोवार बारा, शिकलगार शंभर. मामांनी अख्ख्या खात्यात पेढे वाटले. पोवारांच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "पुढच्या बारीला तोंड उघड की जरा!"

पोवारांच्या खिशात सकाळीच मिळालेलं मुदतवाढीचं पत्र होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. मग आम्ही दोघांनी पेढा खाल्ला.