मंजूर, नामंजूर

भिवाचं घर विचारत मयुरी भेस्तानच्या गल्लीत शिरली, तेव्हा ओट्यावरच्या बायकांना ती विमा कंपनीची वाटली. तिनेही नाही म्हटलं नाही.

दार भिवाच्या बायकोने, कलाबाईने उघडलं. आत पलंगावर भिवा बसला होता. उजवा हात खांद्यापासून बोटांपर्यंत पट्ट्यांत गुंडाळलेला, मानेवर पिवळं मलम.

"तू कोनी पोर शेस, माय?" कलाबाईने विचारलं.

"मी पांडेसऱ्याहून आले. मिलच्या मशीनचं काम बघणाऱ्या ऑफिसातून."

हे खरं होतं. याच्यापुढचं सांगायचं मात्र बाकी होतं.

भिवा पांडेसऱ्यातल्या एका मिलमध्ये कापड रंगवायच्या मशीनवर होता. मशीन म्हणजे एक मोठी बंद टाकी. आत दाबाखाली रंगाचं पाणी, उकळत्याहून गरम. पाणी निवलं की बाहेर हिरवा दिवा लागतो आणि मग झाकण उघडायचं. त्या दिवशी भिवाने झाकण उघडलं आणि वाफ थेट अंगावर आली.

तो दिवा कधी लावायचा हे ठरवणारा प्रोग्रॅम मयुरीच्या ऑफिसचा होता. हल्ली तो माणसं लिहीत नसत, एआय लिहायचं. सतत बारीक बारीक बदल करत राहायचं. इथला एक आकडा, तिथली एक अट. स्क्रीनवर जुनी ओळ लाल दिसे, नवी हिरवी. मयुरीने ती वाचायची, पटली तर 'मंजूर', नाही तर 'नामंजूर' दाबायचं. तिला त्याचाच पगार होता.

सुरुवातीला तिने एकेक ओळ वाचली. पण बदल वाढत गेले आणि ते बहुतेक बरोबरच निघत. नजर आधी भरभर फिरू लागली, मग फिरायचीच थांबली. फोनवर बहिणीशी बोलता बोलता ती मंजूर, मंजूर दाबत राही. मधूनच एखादा बदल नामंजूर करी, तोही न वाचताच. सगळेच मंजूर दिसले तर कुणी विचारेल, एवढ्याचसाठी. कुणी कधी विचारलं नाही.

मिलवाले ऑफिसात आले की मालक हर्षदभाई त्यांना तिच्या खुर्चीमागे आणून उभं करत. "आमच्याकडे प्रत्येक बदल माणूस तपासतो," असं सांगत. त्या वेळी मयुरी ताठ बसून कपाळाला आठी घालून स्क्रीनकडे बघे.

अपघाताचं कळल्यावर तिने प्रोग्रॅम उघडला. पाणी निवल्याची खात्री दोनदा करून घ्यायची अट काढून टाकलेली होती. 'दुसऱ्यांदा तपासण्याची गरज नाही,' असं एआयने शेजारी साध्या भाषेत लिहूनही ठेवलं होतं. वाचणाऱ्याला ते चटकन दिसलं असतं. बदल मशीनवर गेला होता, म्हणजे तिनेच मंजूर दाबलं असणार.

"कसं झालं हे?" तिने भिवाला विचारलं. उत्तर तिला ठाऊक होतं.

"माले वाटस, दिवा लागेल व्हता," भिवा जमिनीकडे बघत म्हणाला. "पन मिलना शेठ म्हनतस, लागेलच नव्हता. मी घाई करी. मंग तसंच व्हई. मनीच चूक."

"आते कामवर घेत नहीत," कलाबाई म्हणाली. "दिवा नसतांना झाकन उघाडं म्हने."

दिवा लागला होता, एवढंच सांगायला मयुरी आली होती. तिने तोंड उघडलं. तेवढ्यात कलाबाईने तिच्या हातात चहाचा कप दिला आणि बशीत दोन खारी ठेवल्या. मयुरीने मान खाली घालून चहा प्यायला. दोन्ही खारी संपवल्या.

निघताना कलाबाई दारापर्यंत आली. "तू उनी, बरं वाटनं. मिलमाईन कोनी उनं नही."

मिलमधून कुणीच आलं नव्हतं, ही आली याचंच कलाबाईला बरं वाटलं होतं. मयुरीला तिच्याकडे बघवलं नाही. गल्लीच्या तोंडाशी रिक्षा उभ्या होत्या. तिने एकही केली नाही. मेन रोडपर्यंत ती चालत गेली, भरभर, कुणी मागे लागल्यासारखी.

सकाळी ऑफिसात पोचल्यावर ती खुर्चीवर बसलीच नाही. सरळ हर्षदभाईंच्या केबिनमध्ये गेली. ते गुजरातीत बोलत, तीही त्यांच्याशी गुजरातीतच बोले. पण आज तोंडून मराठी आलं.

"भिवाने दिवा लागल्यावरच झाकण उघडलं. दिवाच लवकर लागला. त्या बदलाला मी न वाचता मंजुरी दिली. मिलला तसं कळवा. त्याला कामावर घ्यायला सांगा. मला काढलं तरी चालेल."

हर्षदभाईंनी उठून काचेचं दार लावलं.

"आणखी कुणाला बोललीस?"

"नाही. काल त्याच्या घरी गेले होते. तिथेही बोलता आलं नाही."

"न वाचता, म्हणजे?"

"कितीतरी महिने मी काहीच वाचलेलं नाही."

ते चिडतील असं तिला वाटलं होतं. त्यांनी चिडावं असंही वाटत होतं. पण ते चिडले नाहीत. टेबलावरचा पेन उचलून त्यांनी परत तिथेच ठेवला.

"तो बदल तू मंजूर केला नव्हतास," ते म्हणाले. "मी बघितलं. तू नामंजूर दाबलं होतंस."

क्षणभर तिच्या छातीवरचं ओझं उतरलं. दुसऱ्याच क्षणी त्या सुटल्यासारखं वाटण्याचीही तिला लाज वाटली. तोही तिने वाचला नव्हताच.

"मग तो मशीनवर गेला कसा?"

हर्षदभाईंनी तिच्याकडे बघितलं नाही. ते काचेपलीकडच्या तिच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिले.

"सगळेच जातात, मयुरी. पहिल्या दिवसापासून. मिलवाल्यांना तिथे माणूस बसलेला दिसायला हवा होता, म्हणून तुला बसवलं. तुझी ती दोन्ही बटणं कशालाच जोडलेली नाहीत."