बोंबलांची राखण

टाळेबंदीत तेजलची तारापूरच्या कारखान्यातली इंटर्नशिप मोबाइलवर आली, आणि पालघरजवळच्या माहीमच्या तिच्या घरी रेंज मिळायची ती फक्त अंगणात, वाळत घातलेल्या बोंबलांपाशी. आई आजारी पडून पालघरच्या कोविड सेंटरात, त्यामुळे कावळे हाकायचं कामही तिच्याच गळ्यात. पण आज शेवटचं सादरीकरण होतं. तासभर तिने पडद्यावरून नजर हलवली नाही.

"पास झालीस," पडद्यावरचे कमलाकांत सर म्हणाले. "आता आईंना बसायला सांग. बिचाऱ्या मघापासून तुझ्यामागे काठी घेऊन उभ्या आहेत."

तेजलने वळून पाहिलं. मागे कुणीच नव्हतं.

तिने आईला फोन लावला. पहिल्याच रिंगला आवाज आला, "मी बरी हाय गो. उद्या सोडतात. बोंबील कावल्यांनी खाल्लं नाय ना?"

तेजलच्या जिवात जीव आला. बोंबील एकूण एक शाबूत होते. कुंपणावर कावळे ओळीने गप्प बसले होते आणि तिच्या खांद्यामागे बघत होते.

डोळे पुसत, हसत, मागे न बघताच ती म्हणाली, "आय बरी हाय. तुमी बसा आता."

सगळे कावळे एकदम बोंबलांवर उतरले.